मनाचा ओढा आणि घरच्यांचा हक्क

आपल्या उदगीरमध्ये मुलाला दहावीत चांगले गुण मिळाले की त्याची पुढची वाट घरातील वडीलधारेच ठरवून टाकतात. लातूरची शिकवणी, मग वैद्यकी किंवा अभियांत्रिकी, आणि नशिबाने साथ दिली तर दुबई, रियाध अथवा दोहा. कर्ज फिटू लागते, बहिणीचा निकाह पार पडतो. मग चार-पाच वर्षांनी तोच मुलगा सुट्टीवर येतो आणि अब्बांसमोर बसून म्हणतो, "मला ही नोकरी सोडायची आहे." परक्या मुलखात त्याने काही पाहिलेले असते. एखादी शाळा, एखादे ग्रंथालय, हाताने काम करणारा एखादा कारागीर. तेव्हापासून नोकरीत त्याचे मन लागत नाही. त्यानंतर घरात जी शांतता पसरते, ती आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची असेल.

अशा मुलाला 'ही नफ्सची हौस आहे, मिळालेल्या रिज्कची नाशुक्री आहे' असे सांगणे सोपे आहे. 'मन म्हणते तसे कर' असे सांगणे त्याहूनही सोपे. मला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. ओढ अल्लाहने मनात घातलेली असू शकते आणि कंटाळ्यातूनही आलेली असू शकते. आरंभी दोन्हींचा चेहरा सारखाच दिसतो.

आपले उदगीर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच्या राजधानीत मर्मड्यूक पिक्थॉल नावाचे एक इंग्रज गृहस्थ 1925 पासून चादरघाट हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. 1875 साली जन्मलेल्या या माणसाची तरुणपणीची वाट वेगळीच आखलेली होती. वकिलातीच्या नोकरीची परीक्षा ते नापास झाले आणि ऐन उमेदीत मिसर, फिलस्तीन, शाम या मुलखांत भटकू लागले. तेथे ते अरबी शिकले, तेथील लोकांसारखा पोशाख करून त्यांच्यात राहिले, आणि दमास्कसमध्ये इस्लाम स्वीकारण्याच्या विचारापर्यंत आले. ज्या वृद्ध आलिमांकडे ते अरबी वाचत, त्यांनीच त्यांना थांबवले. तुझी आई आहे, तिचा विचार कर. मोठा हो, आपला देश पुन्हा एकदा पाहा, असे त्यांनी समजावले. आमचा एखादा मुलगा परमुलखात एकटा असता आणि कोणी त्याच्याशी घाई केली असती तर मला काय वाटले असते, ही कळकळही त्यांनी बोलून दाखवली. दाराशी चालत आलेल्या तरुणाला एक आलिम त्याच्या आईकडे परत पाठवतो! मला या प्रसंगाचे फार नवल वाटते.

ती ओढ मात्र विझली नाही. 1917 साली पिक्थॉल यांनी इस्लाम जाहीरपणे स्वीकारला, 1920 मध्ये ते मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक म्हणून आले आणि पुढे हैदराबादला गेले. पवित्र कुरआनचा त्यांचा इंग्रजी अनुवाद 1930 मध्ये छापला गेला, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. त्यासाठी त्यांनी नोकरीवर पाणी सोडले नाही. निजामांनी त्यांना दोन वर्षांची पगारी रजा दिली होती. अनुवाद हाती आल्यावर तो मिसरमधील विद्वानांना दाखवण्यासाठी ते स्वतः तिकडे गेले. आपली आवड आपल्याहून जाणत्या माणसांपुढे तपासायला ठेवणे ज्याला जमते, त्याच्या आवडीवर माझा विश्वास बसतो.

याच्याही पुढची कसोटी हजरत अबू दर्दा (रजि.) यांच्या घरी सापडते. ते व्यापारी होते. इबादतीच्या ओढीने त्यांनी व्यापार सोडला. याहून पवित्र ओढ कोणती? तरीही हजरत सलमान फारसी (रजि.) भेटीस आले, तेव्हा त्यांच्या पत्नीचा विस्कटलेला वेश पाहून त्यांना सारे कळले. रबचा तुमच्यावर हक्क आहे, तसा तुमच्या देहाचा आहे आणि घरच्यांचाही आहे, असे त्यांनी अबू दर्दांना सुनावले. ही हकीकत प्रेषितांच्या (स.) कानी गेली, तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले असा निर्वाळा दिला. नमाज आणि रोजे यांची ओढही घरच्यांचा हक्क ओलांडू शकत नसेल, तर आपल्या आवडीची काय कथा?

आता अब्बांविषयीही बोलले पाहिजे. आपल्या मासिकांत आज्ञा नेहमी मुलांनाच होते. नोकरी सोडू नको असे म्हणताना तुम्हाला घरातील कोणाच्या भाकरीची चिंता आहे, की 'मुलगा दुबईला असतो' हे चारचौघांत सांगण्याची सवय सुटेल याची? पहिली चिंता हक्काची आहे. दुसरीला हक्क म्हणता येत नाही आणि तिच्यासाठी मुलाचे आयुष्य मागणे अन्यायाचे आहे.

म्हणून इस्तिखारा करण्याआधी एका संध्याकाळी सर्वांनी हिशेबाची वही घेऊन बसावे. कर्जाचे किती हप्ते उरले, अम्मीच्या औषधाला महिन्याला किती लागतात, धाकटीचे शिक्षण किती वर्षांचे. मुलाची पत्नी असेल तर तीही त्या बैठकीत असावी. तिला नंतर कळवण्याची आपली रीत चुकीची आहे. नव्या कामातून पोटापुरते मिळेपर्यंत दोन वर्षे की चार, हा आकडा मुलानेच सांगावा. इमाम गझाली (रह.) यांनी 1095 साली बगदादच्या निजामिया मदरशातील मानाचे अध्यापन सोडले, तेही सुमारे सहा महिन्यांच्या घालमेलीनंतर. निघताना त्यांनी संपत्ती वाटून टाकली, पण मुलाबाळांच्या निर्वाहापुरती मागे ठेवली. पुढे त्याच मुलांच्या हाकेने ते घरी परतले.