शेऱ्याचा रकाना

चि. छोटीस,


तुझं पत्र वाचलं. आश्रमशाळेच्या आरोग्य तपासणीत सहावीतल्या एका मुलाची टाळू उंच, अरुंद, कमानीसारखी दिसली. गुरुजी म्हणाले, हा सारखा मारामाऱ्या करतो. त्यात टाळूचा हिंसेशी संबंध जोडणारा माँट्रियलचा शोधनिबंध तुझ्या वाचनात आला. आता कार्डावर काय लिहू, असं विचारतेस. टाळू जशी दिसली तशी लिही. टाळू आणि मारामारी यांना जोडणारं एक अक्षरही लिहू नकोस.

निबंध खरा आहे आणि कामही काळजीपूर्वक केलेलं आहे. लुईझ आर्सेनो, रिशार त्रांब्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2000 साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’त छापला. माँट्रियलच्या गरीब वस्त्यांतले 170 किशोरवयीन मुलगे त्यांनी तपासले. कानांची ठेवण, तळहातावरची रेघ, टाळूची कमान अशा बारीकसारीक जन्मजात खुणा मोजल्या. खुणा जास्त, विशेषतः तोंडातल्या, तर हिंसक वागण्याचा धोका जास्त, असं त्यांना आढळलं. घरची परवड आणि लहानपणचा मारकुटेपणा हिशेबात धरूनही हा संबंध उरला. बिगरहिंसक गुन्ह्यांशी मात्र तसा संबंध दिसला नाही.

का असावं असं? पोटातल्या बाळाची टाळू सातव्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत घडते. जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले दोन पडदे आडवे होतात आणि मधोमध जुळतात. त्याच दिवसांत मेंदूही घडत असतो. आईच्या पोटात दारू गेली किंवा काही औषधं गेली, तर धक्का दोघांनाही बसू शकतो. मेंदू आपल्याला दिसत नाही, टाळू दिसते, म्हणून संशोधक टाळूकडे बघतात. पण त्याच निबंधात आणखी एक शक्यता मांडली आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. तोंडाची ठेवण वेगळी असलेल्या बाळाला पहिल्या महिन्यांत दूध नीट ओढता येत नसेल. बाळ उपाशी आणि किरकिरं, आई रात्र रात्र जागी, हाताशी कोणी नाही. माय-लेकरांचं नातं पहिल्या दिवसापासून ओढाताणीत सुरू होतं. ही शक्यता खरी असेल, तर दोष बाळाच्या हाडात नाही, त्या आईला कोणी मदत केली नाही यात आहे.

डेन्मार्कमध्ये सारनॉफ मेडनिक यांच्या गटानं याआधीच असं काम केलं होतं. बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलांच्या खुणा तपासल्या आणि एकविसाव्या वर्षी पोलिसांच्या नोंदी पाहिल्या. खुणा आणि विस्कटलेलं घर एकत्र आलं तिथेच हिंसेचा संबंध ठळक दिसला. म्हणून गटाबद्दलचा निष्कर्ष तुझ्यासमोर तोंड उघडून बसलेल्या एका मुलावर लादता येत नाही. अशा टाळूची कितीतरी माणसं आयुष्यात कुणावर हात न उगारता जगतात.

शिवाय शरीरावरून गुन्हेगार ओळखण्याच्या विद्येचा इतिहास काळा आहे, तो विसरू नकोस. इटलीच्या चेझारे लोंब्रोझोनं 1876 मध्ये कवटीवरून आणि चेहऱ्यावरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असा सिद्धांत मांडला. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंगनं सुमारे 3000 कैद्यांची मोजमापं घेतली आणि 1913 मध्ये सांगितलं, की गुन्हेगाराची अशी वेगळी शरीरघडण नसतेच. आपल्याकडे तर कवटी मोजायचीही गरज पडली नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींत जन्मणं हाच गुन्हा ठरवला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कैकाडी, पारधी कुटुंबं तारेच्या कुंपणाआड हजेरी देत राहिली. 1952 साली ती मोकळी झाली, तरी पारध्याच्या पोराकडे बघण्याची नजर अजून बदललेली नाही. तुझ्या आश्रमशाळेत कोणाची मुलं आहेत हे मी तुला सांगायला नको. सरकारी कार्डावरचा शेरा आधी शाळेत वाचला जातो, मग गावात, मग पोलीस ठाण्यात.

आता डॉक्टर म्हणून काय करायचं ते ऐक. उंच टाळू नेहमी जन्मजातच असते असं नाही. नाकामागच्या अडेनॉइड गाठी वाढल्यामुळे मूल वर्षानुवर्षं तोंडानं श्वास घेत असेल, तरी टाळू अरुंद होते. तो झोपेत घोरतो का, वर्गात पेंगतो का, हे विचार. कान बघ. कानात पाणी साठून कमी ऐकू येणारं मूल हाक ऐकत नाही, गुरुजी त्याला उद्धट म्हणतात, आणि मुलं चिडवतात. उच्चार बोबडे आहेत का, तेही बघ. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञ आहेत, डीईआयसीमध्ये, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, वाचोपचार आहे. तुझं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (आरबीएसके) पथक 2013 पासून याचसाठी उभं आहे. दुभंगलेल्या ओठाची किंवा टाळूची मुलं दिसली तर त्यांना लगेच शस्त्रक्रियेसाठी पाठव, आणि या निबंधाची सावली त्यांच्यावर पडू देऊ नकोस. अशा तान्ह्या बाळाच्या आईला वाटी-चमच्यानं, बाळाला उभं धरून दूध पाजायला स्वतः शिकव.

मारामारीचं काय, असं विचारशील. त्याचं उत्तरही माँट्रियलमध्येच आहे. त्रांब्ले यांच्याच प्रकल्पात दांडगट मुलांपैकी काहींना वयाच्या सातव्या ते नवव्या वर्षी, दोन वर्षं मदत दिली गेली. कार्यकर्ते घरी जाऊन आईबापांना शिकवत, आणि शाळेत मुलांना भांडण न करता मिसळायला शिकवत. पुढे चोविसाव्या वर्षी बघितलं तेव्हा शाळा पूर्ण केलेली मुलं त्यांच्यात जास्त होती आणि गुन्ह्याची नोंद असलेली कमी. तुझा मुलगा सहावीत आहे, उशीर झालेला नाही. त्याच्याशी गुरुजींसमोर बोलू नकोस, एकट्याशी बोल. घरी कोण आहे, सुट्टीत कुठे जातो, रात्री पोटभर जेवतो का, हे विचार.

कार्डावर एवढंच लिही: टाळू उंच, श्रवण व वाचा तपासणी आवश्यक. तारीख घाल, सही कर. पुढच्या महिन्यात त्याला खरोखर कोणी रुग्णालयात नेलं का, ते फोन करून विचार. नेलं नसेल तर मुख्याध्यापकांच्या मागे लाग, आणि गाडीची सोय होईपर्यंत त्यांना सोडू नकोस.

तुझी,
मावशी