उत्तरायुष्यातील सोबत

काही वर्षांपूर्वी भालकी तालुक्यातील एक सेवानिवृत्त शिक्षक माझ्या कचेरीत आले. वय पासष्टीच्या घरात. पत्नी निवर्तून सहा वर्षे झालेली. मुलगा पुण्यास, मुलगी हैदराबादेस, आणि गावातील वाड्यात हे एकटे. एका विधवा बाईंशी विवाह करण्याचा त्यांचा मानस होता. त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, कायद्याची काही आडकाठी आहे काय?" मी सांगितले, काही नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने विवाहाचे किमान वय ठरविले आहे, कमाल वय ठरविलेले नाही; वधूवरांपैकी कोणाचा जोडीदार हयात नसावा एवढे पुरे. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग आडकाठी आहे तरी कशाची?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या पुस्तकांत नव्हते.

आमच्या या सीमाभागात पुनर्विवाह ही काही नवलाची गोष्ट नव्हे. कुणब्यांच्या घरी 'पाट' लागत असे, कानडी शेजाऱ्यांकडे 'उडकी' होत असे. पहिल्या लग्नाचा मान त्या विधीला नव्हता. तो बहुधा रात्री, वाजंत्रीवाचून उरकला जाई. तरीही एकटीने जन्म काढावा असा आग्रह तेथे नव्हता. तो आग्रह पांढरपेशांचा, आणि तोही केवळ स्त्रियांपुरता. पुरुषाला दार सदैव उघडेच होते. 1873 साली न्यायमूर्ती रानडे विधुर झाले तेव्हा त्यांचे वय 31 होते. विधवाविवाहाचे हे पुरस्कर्ते. पण वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. पुढे वीस वर्षांनी, 1893 साली, विधुर झालेल्या धोंडो केशव कर्व्यांनी कुमारिकेशी लग्न करण्याचे नाकारले, शारदा सदनातील विधवा गोदूबाईंना वरले आणि मुरूडकरांचा बहिष्कार सोसला.

परंतु त्या सुधारकांच्या युक्तिवादात एक मर्यादा होती. 'तिचे सारे आयुष्य पुढे आहे' या वाक्यावर तो उभा होता. बालविधवेचा कैवार घेण्यास ते वाक्य समर्थ होते. साठीच्या बाईस मात्र ते उपयोगी पडत नाही. उलट, 'आता राहिले किती?' असे म्हणून तिला गप्प बसविता येते. म्हणून उत्तरायुष्यातील विवाहाला निराळा आधार शोधला पाहिजे. मला तो 'सोबत' या साध्या शब्दात सापडतो. आपण लहान मुलाला अंधारात सोबत देतो, शेजारणीला दवाखान्यात सोबत म्हणून जातो. तेथे किती वर्षांसाठी, असा हिशेब कोणी मांडत नाही. ज्याला गरज आहे त्याला ती आज आहे, एवढेच त्या शब्दाला ठाऊक असते.

अडचणी अर्थातच खऱ्या असतात, आणि त्या बहुधा मिळकतीपाशी येऊन थांबतात. 1956 च्या वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पती वारला, तर पत्नीस मुलांच्या बरोबरीने वाटा मिळतो; मग ती पहिली असो की उत्तरवयात आलेली. मुलांच्या मनातील धास्ती येथे उगम पावते. स्त्रीची अडचण याहून बिकट. 1856 च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाहाची वाट मोकळी केली खरी. परंतु पुनर्विवाह करताच ती जणू मरण पावली असे समजून पहिल्या पतीची मिळकत तिच्याकडून काढून घ्यावी, असेही त्यात लिहिले होते. तो कायदा 1983 साली रद्द झाला. त्याची सावली मात्र कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या नियमांवर अद्याप रेंगाळते आहे. निवृत्तीनंतर केलेल्या पत्नीसही हे वेतन मिळावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली दिला. उलट, पतीमागे हे वेतन घेणारी विधवा पुनर्विवाह करते तेव्हा सामान्यतः ते बंद होते. केंद्राच्या नियमांत निःसंतान विधवेला अपवाद आहे, तोही तिचे अन्य उत्पन्न मर्यादेत असेल तर. म्हणजे पुरुष सोबत मिळविताना काही गमावीत नाही. स्त्रीला मात्र हक्काची भाकर खाली ठेवून यावे लागते. त्या बाईही अशाच पेन्शनवर जगत होत्या.

मी गुरुजींना सल्ला दिला: आधी मृत्युपत्र करा, घरात राहण्याचा आजन्म हक्क बाईंना लिहून द्या आणि मुलांची संमती मिळवा. पहिल्या दोन गोष्टी योग्य होत्या. तिसरी चुकीची होती, हे मला उशिरा उमगले.

मुलगा म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मुलगी म्हणाली, "आईची जागा दुसऱ्या कुणाला देणार?" मुलाच्या बोलण्यामागे वाड्याची काळजी असेल, तर ती उघड बोलावी, दस्तऐवजाने तिचे निवारण होते. मुलीचे दुःख कोणत्याही दस्ताने मिटणारे नव्हे, आणि त्याचा आदर केलाच पाहिजे. परंतु निष्ठा हे व्रत आहे, आणि व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. आपल्या दुःखासाठी दुसऱ्याने उपास धरावा, असे म्हणण्याचा अधिकार अपत्यालाही नाही.

आक्षेप एकच वजनदार आहे. उतारवयातील पुष्कळ विधुरांना पत्नी नको असते. पोळ्या करणारी आणि पाय चेपणारी बाई हवी असते. अशा माणसाने पगार द्यावा, मंगळसूत्र घालू नये. कसोटी सोपी आहे: उद्या ती अंथरुणाला खिळली, तर हा तिच्या उशाशी बसेल काय? याचे उत्तर ज्याला निःशंकपणे 'होय' असे देता येते, त्याने मुलांना कळवावे, समजवावे, जरूर पडल्यास त्यांचा राग सोसावा; त्यांची परवानगी मागत बसू नये.

गुरुजी संमतीची वाट पाहत राहिले. दीड वर्षाने त्या बाई भावाकडे लातूरला निघून गेल्या. आजही दर नोव्हेंबरात गुरुजी हयातीच्या दाखल्याचा कागद घेऊन येतात. तो भरण्यास वकिलाची गरज नसते, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. मी चहा मागवितो, आणि आम्ही तासभर बोलत बसतो.