दोन चाव्या

परळच्या एका पतपेढीची तिजोरी दोन चाव्यांनी उघडायची. एक मॅनेजरकडे, दुसरी कॅशियरकडे. सभासद सगळे गिरणी कामगार. 1982च्या संपात माणसं रिकाम्या हातांनी दारात उभी होती, तेव्हाही एका चावीवर तिजोरी उघडली नाही.

पुढे व्यवहार मोबाइलवर आला. तिथेही एकाने रक्कम भरायची, दुसऱ्याने तपासून मंजुरी द्यायची. पण दुसरा कधी दादरच्या गर्दीत अडकलेला, कधी गावी लग्नाला. माणसं वाईट नव्हती, काम अडू नये एवढंच त्यांना वाटे. हळूहळू दोन्ही पासवर्ड एका वहीत आले, दोन्ही ओटीपी एकाच फोनवर.

एकदा अध्यक्षांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे पाठवायला सांगितलं. नव्या क्लार्क मुलीने खात्री करायला फोन लावला. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" अध्यक्ष सर्वांसमोर ओरडले.

महिन्याभराने तसाच निरोप आला. फोटो अध्यक्षांचा, नंबर नवा. या वेळी तिने विचारलं नाही. सभासदांच्या लाभांशाची रक्कम गेली. फसवणूक कळताच तिने 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, म्हणून थोडी रक्कम वाटेत गोठवता आली. उरलेली गेली ती गेलीच.

सभेत कोणी म्हणालं, मुलीला काढा. कोणी म्हणालं, महागातलं सॉफ्टवेअर घ्या. तेव्हा निवृत्त कॅशियर उठले.

"मंडळी, 2018च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे 94 कोटी गेले, तिथे चोरांना एटीएमची यंत्रणा फोडावी लागली होती. आपल्याकडे काहीच फोडावं लागलं नाही. पोरीने विचारलं तेव्हा आपण तिला गप्प केलं. थांबून विचारणाऱ्याला बोलणी आणि झटपट उरकणाऱ्याला शाबासकी मिळत असेल, तर कुठलंही कुलूप आणा, आतलाच माणूस ते उघडून देणार."

अध्यक्षांनी सभेतच मुलीची माफी मागितली. पासवर्ड बदलले, ती वही फाडली. दुसरी मंजुरी दुसऱ्याच्याच फोनवरून, आणि निरोप कोणाचाही असो, आधी ओळखीच्या नंबरवर फोन, असा ठराव झाला.

पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांचं खरोखर घाईचं काम निघालं. मुलीने फोन लावला.

"हो, मीच सांगितलंय. विचारलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "कॅशियर कुठे आहेत?"

"गावी गेलेत, साहेब. उद्या येतील."

"मग उद्या पाठवू."

पैसे दुसऱ्या दिवशी गेले.