घटाकाश आणि ज्वारीचे ताट
मोडनिंबच्या शिवारात मालदांडी उपटून झाली, कणसे मोडून खळ्यावर गेली, की बांधाकडेला कडब्याच्या पेंढ्या उभ्या राहतात. त्यांतले एखादे ताट आडवे कापून उजेडाला धरले, तर पांढऱ्या भेंडात विखुरलेले बारीक ठिपके दिसतात. मुळाने ओढलेले पाणी कणसापर्यंत ज्या वाटांनी चढले, त्या वाटांची ही तोंडे. त्या वाटा कशा तयार होतात हे कळल्यापासून वेदान्तातला एक दृष्टान्त मला पूर्वीच्या निर्धास्तपणाने वाचता येत नाही.

तो घटाकाशाचा. गौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकांत त्याचा विस्तार केला, आणि पंढरीच्या वाटेवरल्या गावोगावी कीर्तनकारांनी तो पोचविला: घट फुटला की आतले आकाश महाकाशाशी एकरूप होते, किंबहुना ते वेगळे कधी नव्हतेच, मर्यादा ही केवळ उपाधी. सिद्धान्तापुढे मी नतमस्तक आहे. अडखळतो तो दृष्टान्तापाशी. घट कुंभार घडवितो, त्यात आकाशाचा काहीच हात नसतो. वनस्पतीच्या पेशीची भिंत मात्र आतला जीवच, साखरेच्या कणांचे लांब धागे गुंफून, स्वतःभोवती उभी करतो. बुरशी आपली भिंत बांधताना कायटिन वापरते, जे टोळाच्या कवचातही असते. बहुतेक जिवाणूंचे द्रव्य याहून निराळे. शिवाय वनस्पतीची ही भिंत म्हणजे कोंडवाडा नव्हे. शेताची चतुःसीमा कायम असूनही बांधावरून जशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असते, तशी शेजारच्या पेशीकडे जाणारी सूक्ष्म छिद्रे तिच्यात राखलेली असतात.

आणि ही भिंत बाहेरून कोणी मोडली तर? १९२८ साली फ्लेमिंग यांच्या नजरेस आलेले पेनिसिलिन हेच करते: वाढत्या जिवाणूला भिंतीचे नवे सांधे जोडू देत नाही, आत पाणी शिरत राहते, आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नसल्यामुळे त्या या घावातून सुटतात. इथे घट फुटला खरा, पण त्याला सायुज्य म्हणण्यास माझी जीभ वळत नाही. वेदान्ती म्हणेल, फुटला तो देह, आत्मा नव्हे. हे उत्तर तर्काला धरून आहे आणि मी ते नाकारीत नाही. परंतु ज्याची मर्यादा हिरावून घेतली गेली आणि ज्याने ती स्वतः रचून मागे ठेवली, त्या दोघांची गत एकच मानणे मला जमत नाही.

कारण ताटातल्या पाण्याच्या नळ्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. तिथली पेशी आयुष्यभर आपली भिंत जाड आणि टणक करीत जाते, खालच्या-वरच्या पेशीशी असलेला पडदा विरघळविते, मग आपल्या आतले सारे आपणच पचवून टाकते आणि मरते. रॉबर्ट हूक यांना १६६५ साली बुचाच्या कापात अशाच निर्जीव भिंती दिसल्या होत्या, आतला रहिवासी गेलेल्या खोल्यांच्या. इथे घट शाबूत राहतो, आतला जातो. मोडनिंबला हुरड्याच्या दिवसांत कणसात दूध भरते, तेव्हा त्या नळ्यांतले जीव कधीच गेलेले असतात. दाणा भरतो तो त्यांच्या रिकाम्या भिंतींतून चढलेल्या पाण्यावर.