कॉर्नवॉलच्या नावाड्याची खंत

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा एक नावाडी गुप्तहेर शेरलॉक होम्सच्या कथांचा जुना वाचक. होम्स कड्यावरून परतला खरा, पण पूर्वीचा होम्स काही परतला नाही, अशा अर्थाची खंत त्याने थेट लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनाच बोलून दाखवली. डॉयल यांनी १९२४ च्या आत्मचरित्रात ती प्रांजळपणे नोंदवली आहे.

तक्रार मनापासूनची होती. १८९३ मध्ये स्वित्झर्लंडच्या रायशेनबाख धबधब्यात होम्सचा शेवट झाला, तेव्हा असंख्य वाचक हळहळले. १९०३ मध्ये तो परतला आणि १९२७ पर्यंत त्याच्या कथा येत राहिल्या.

पूर्वीचा होम्स पाहायचा तर १८९२ ची ‘द स्पेकल्ड बँड’ ही कथा आठवावी. न वाजणारी घंटेची दोरी, शेजारच्या खोलीत उघडणारा झरोका, जमिनीला ठोकलेला पलंग, दुधाची बशी! सगळे धागे वाचकाच्या डोळ्यांसमोर असतात, तरी उलगडा चकित करतो.

१९२३ च्या ‘द क्रीपिंग मॅन’मध्ये मात्र वृद्ध प्राध्यापक तारुण्यासाठी वानराचं सीरम टोचून घेतो आणि वानरासारखा भिंतीवर चढू लागतो. १९२६ च्या ‘द लायन्स मेन’मध्ये मृत्यूचं कारण निघतं जेलीफिश, तेही होम्सला पूर्वी वाचलेलं पुस्तक आठवतं म्हणून. शिवाय ही कथा होम्स स्वतःच सांगतो. नेहमी कथा सांगणारा होम्सचा मित्र वॉटसन, त्याचा उबदार आवाज तिथे नाही.

निष्ठावान वाचक याही कथा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. मग कपाटातून ‘द स्पेकल्ड बँड’ असलेला १८९२ चा जुना संग्रह काढतो आणि बेकर स्ट्रीटवरच्या होम्सच्या घराच्या जिन्यावर पुन्हा पावलं वाजू लागतात.