वाघाचें पुनरागमन आणि आमचें पुण्य

नोव्हेंबर २०२५ मध्यें ताडोब्याच्या अरण्यांतील एक वाघीण चांदोलीस आणली गेली, तेव्हां सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांतून जो आनंद झाला तो आम्हांसहि झाला. कोयना अभयारण्य व चांदोलीचें राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प २०१० सालींच जाहीर झाला होता. परंतु पुढें कित्येक वर्षें वाघाचें दर्शन दुर्मिळच राहिलें. मे २०१८ मध्यें एक, नंतर डिसेंबर २०२३ मध्यें एक, आणि तेंहि झाडास बांधलेल्या कॅमेऱ्यास!

विदर्भांतील वाघ सह्याद्रीचा कसा म्हणावा, अशी शंका कोणी घेतात. बाली, जावा व कास्पियन समुद्राकांठचे वाघ विसाव्या शतकांत नामशेष झाले, त्यामुळें पोटजातींची चिंता अनाठायीं नव्हे. पण २०१७ सालीं तज्ज्ञांनीं जी फेरमांडणी केली तींत दोनच पोटजाती धरल्या आहेत, एक खंडभूमीवरील व दुसरी सुंद बेटांवरील. दूरच्या गांवची सून आली म्हणून कूळ बुडत नाहीं.

खरा प्रश्न निराळा आहे. हें रान रिकामें कोणीं केलें? कोयनेच्या धरणानें शिवसागर भरला तेव्हां खोऱ्यांतील गांवें बुडालीं. कांहीं लोक वर डोंगरावर सरकले, तों १९८५ सालीं तोच डोंगर अभयारण्य ठरला. चांदोलीच्या रानांतूनहि गांवें उठलीं. हीं तींच माणसें, ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या वाघजाईस नारळ फोडला. जमिनीसाठीं त्यांनीं धरणें धरलीं तीं वर्षानुवर्षें. आणि त्यांच्या शेतांवर चढलेल्या पाण्याची वीज आमच्या दिवाणखान्यांत जळते.

यास्तव वाघ नको, असें म्हणणारे आम्ही नव्हे. वाघानें कोणाचें घर घेतलें नाहीं, आणि रानावरील त्याचा हक्क आमच्या कायद्याहून जुना आहे. आमचा आक्षेप आमच्या फुशारकीवर आहे. ज्यानें दिलें त्याचें तें दान. आम्ही केवळ वर्तमानपत्र वाचून पुण्याचे वांटेकरी होऊं पाहतों. सरकारनें एकंदर आठ वाघ आणण्यास मान्यता दिली आहे. ते अवश्य यावेत. मात्र त्यांच्यावरील खर्चाचा आंकडा जेव्हां छापून येईल, तेव्हां त्याच पानावर उठलेल्या गांवांपैकीं किती कुटुंबांस जमीन मिळाली, हाहि आंकडा आम्हांस वाचावयास हवा.