सगळे आले का?

शास्त्रवाचन : १ शमुवेल १६:१-१३, लूक ९:२८-४३, इब्री लोकांस पत्र ११:३९-४०



सुटी उन्हाळ्याची असो की नाताळची, ती लागली म्हणजे आपल्या कुटुंबांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, कोठेतरी जाणे. आणि दुसरी, गेल्या ठिकाणी सर्वांनी मिळून फोटो काढणे. बेळगावची मंडळी गोव्याच्या समुद्राकडे उतरतात, इंदूरची मांडूला जातात, बडोद्याची पावागडाकडे वळतात, आणि हैदराबादेत पाहुणे आले की त्यांना गोवळकोंड्याचा किल्ला दाखवावाच लागतो. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही ती आजोळी जातात. तेथेही परतण्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी म्हणतेच, “चला रे सगळे अंगणात, एक फोटो होऊन जाऊ द्या.”

मग खुर्च्या येतात, सतरंजी येते. आजी-आजोबा मध्ये बसतात, मुलगे-सुना मागे उभ्या राहतात, लहान मुले पुढे मांडी घालतात. आणि फोटो काढणारा एक साधा प्रश्न विचारतो : “सगळे आले का?”

हा प्रश्न आपण सहज विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातो. पण पवित्र शास्त्रात एका संदेष्ट्याने जवळजवळ हाच प्रश्न एका बापाला विचारला, आणि त्या एका प्रश्नामुळे इस्राएलाचा इतिहास बदलला.

इशायच्या घरची रांग

परमेश्वराने शमुवेलाला तेलाचे शिंग घेऊन बेथलेहेमास पाठविले. इशायच्या मुलांपैकी एकाला राजा म्हणून अभिषेक करावयाचा होता. इशायला मुलांसह यज्ञाचे आमंत्रण गेले. थोरला अलीयाब पुढे आला. त्याची उंची आणि रूप पाहून खुद्द संदेष्टाही भुलला. तेव्हा देवाने त्याला समजाविले की, मनुष्य बाहेरचे पाहतो, पण आपण अंतःकरण पाहतो. मग अबीनादाब आला, शम्मा आला. असे एकामागून एक सात मुलगे पुढून गेले. आजच्या भाषेत म्हणावयाचे तर कौटुंबिक फोटोची रांग अगदी ठाकठीक लागली होती.

तेव्हा शमुवेलाने विचारले, एवढेच मुलगे आहेत काय? त्यावर बापाला आठवण झाली की, धाकटा राहिला आहे, तो मेंढरे राखीत आहे.

येथे क्षणभर थांबा. इशायला दावीद नावडता होता असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. मेंढरांपाशी कोणीतरी हवेच होते, म्हणून धाकट्याला ठेवले. आणि एकदा ठेवल्यावर तो नाही हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. घरातील माणसाला वगळण्यासाठी वैर लागतेच असे नाही. सवयही पुरते.

शमुवेल मात्र म्हणाला की त्याला बोलावून आणा. तो येईपर्यंत आपण बसावयाचे नाही. डोळ्यांपुढे आणा ते दृश्य! यज्ञ सिद्ध आहे, सात थोरले भाऊ उभे आहेत, गावचे वडील ताटकळत आहेत. आणि सगळे खोळंबले आहेत कोणासाठी? मेंढरांमागे गेलेल्या एका पोरासाठी. ज्याची कोणी गणतीही केली नव्हती, तोच देवाने निवडलेला होता.

पडद्याआडच्या स्त्रिया

फोटोच्या कलेच्या इतिहासातही असा प्रश्न विचारणारा एक मनुष्य होऊन गेला, आणि त्याचा संबंध आपल्या वाचकांच्या दोन शहरांशी आहे. लाला दीनदयाळ हे मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस असता १८७४ च्या सुमारास ते फोटो काढावयास शिकले. पुढे ते सिकंदराबादला आले. निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला.

त्या काळी तीन पायांच्या घोडीवर मोठा कॅमेरा असे. फोटोग्राफर काळ्या कापडाखाली डोके घालून मागच्या काचेवर चित्र पाही, आणि ते चित्र उलटे, खाली डोके वर पाय असे दिसे. मोठमोठे सरदार आणि साहेब त्या काचेवर उलटे उभे राहिले. पण एक मोठा समाज तिच्यावर आलाच नाही. पडद्यातील स्त्रिया परपुरुषासमोर बसणार कशा? दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. जिथे पुरुषाला जाता येत नव्हते तिथे स्त्रीच्या हाती कॅमेरा दिला.

हा त्यांचा धंदा होता, हे खरे. तरी त्यातील शहाणपण आपण घेण्यासारखे आहे. जे येऊ शकत नाहीत त्यांच्या नावाने हळहळ करणे पुरेसे नाही. त्यांना येता येईल असे दार कोणीतरी बांधावे लागते.

आपल्या फोटोत कोण नसते?

आपल्यापैकी वयस्करांना बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा आठवत असेल. एका रोलमध्ये बारा फोटो. बारांतला एकही वाया जाऊ नये म्हणून बटण दाबण्यापूर्वी दहादा पाहत. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि एका सहलीत शेकडो फोटो निघतात. फोटो वाढले, पण माणसे मोजणे वाढले काय? कपाटातील जुना अल्बम काढा, मोबाईलमधील गेल्या सुटीचे फोटो काढा, आणि शमुवेलाचा प्रश्न मनात धरून पाहा.

पहिला नसतो तो फोटो काढणारा. सर्वांना हसावयास सांगणारे बाबा, किंवा हल्ली पुष्कळदा आई, स्वतः कोठेच नसते. पुढे मुले विचारतील, “आई आपल्याबरोबर आली नव्हती का?”

दुसरी नसते ती राबणारी व्यक्ती. अंगणात फोटो निघत असता सून चुलीपाशी असते. किल्ल्यावर सगळे चढतात, आणि पायथ्याशी पिशव्या व चपला राखीत मावशी बसते. ही तिच्यापुरती मेंढरेच! “तिला फोटोची हौसच नाही,” असे आपण म्हणतो. तिला कधी विचारले होते काय?

तिसरी व्यक्ती ती, जिला मुद्दाम मागे ठेवले जाते. ज्याला नीट बोलता येत नाही असा मुलगा, आजारपणाने चेहरा ओढलेली बहीण, नवऱ्याने टाकलेली आत्या. “फोटो चांगला यावयास हवा ना!” पण चांगला म्हणजे काय? अलीयाबाचा चेहरा चांगला होता. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा केला असे उत्पत्तीचा पहिला अध्याय सांगतो. ज्या मुखावर देवाने आपला ठसा उमटविला ते मुख फोटोत नको असे म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

आणि चौथी व्यक्ती ती, जिचे नावही घरात निघत नाही. वडिलार्जित घराच्या वाटणीवरून दोघे भाऊ बोलेनासे झाले. एक चर्चमध्ये डाव्या बाजूला बसतो, दुसरा उजव्या. काही घरांच्या अल्बमात एखादा फोटो असा असतो की त्याचा कोपरा कात्रीने कापलेला आहे. चेहरा गेला, पण कापता कापता एक हात राहून गेला, आपल्या भावाच्या खांद्यावर ठेवलेला. बंधुभगिनींनो, असा हात जर तुमच्या अल्बमात असेल तर तो तुमच्याविरुद्ध साक्ष देत आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे मन दुखावलेले आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावयास जा, असे प्रभू येशूने शिकविले (मत्तय ५:२३-२४). ज्याने देवाचे अर्पणही थांबवावयास सांगितले, तो आपणांस फोटो थांबवावयास सांगणार नाही काय?

डोंगरावर आणि डोंगराखाली

पेत्र, याकोब व योहान यांना घेऊन प्रभू डोंगरावर गेला. त्याचे रूप तेजस्वी झाले. मोशे व एलीया दिसले. पेत्राला ती घटका सरू नये असे वाटले, आणि येथे तीन मंडप बांधू या असे तो म्हणाला. आपण काय बोलत आहोत हे त्याला कळत नव्हते, असे लूक लिहितो. सुंदर स्थळी गेल्यावर आपलेही असेच होते. सूर्यास्त पकडून ठेवावासा वाटतो, आणि पकडण्याच्या धांदलीत तो पाहावयाचाच राहतो.

पण पेत्राच्या त्या बेतात आणखी एक उणीव होती. त्याच वेळी डोंगराखाली एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन उभा होता. मुलाला झटके येत, तोंडाला फेस येई, आणि शिष्यांना काही करता येत नव्हते. पेत्राच्या तीन मंडपांत या मुलाला जागा नव्हती. प्रभू मात्र डोंगरावर राहिला नाही. खाली उतरला आणि त्या मुलाला बरे करून बापाच्या हाती दिले.

इटलीचा थोर चित्रकार राफाएल याने याच प्रसंगावर आपले शेवटचे चित्र काढले. तो १५२० साली वारला. आज ते चित्र रोममध्ये व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. त्याने वर तेजस्वी प्रभू दाखविला आणि त्याच फळीवर खाली तो झटके येणारा मुलगा दाखविला. दोन्ही एकाच चौकटीत! ख्रिस्ती कुटुंबाची चौकट अशीच असावी. वरच्या आनंदात खालचा कोणी सुटू नये.

या सुटीत काय करावे?

फोटो काढण्यापूर्वी एक मिनिट थांबा आणि माणसे नावाने मोजा. जी स्वयंपाकघरात आहे तिच्यासाठी गॅस बंद करा. आजीला पायऱ्या चढवत नसतील तर सर्वांनी खाली उतरून पायथ्याशी फोटो काढा. किल्ला मागे दिसेलच. कॅमेरा हातांत फिरू द्या, म्हणजे काढणाराही फोटोत येईल. दुरावलेल्या भावाला सुटीपूर्वीच पत्र लिहा, फोन करा, किंवा त्याच्या दारी जा. तो कदाचित येणार नाही. तरी “तुझ्यावाचून आम्ही बसलो नाही,” हे त्याला कळू द्या.

दुसरे, फोटोला नावे द्या. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने बारा धोंडे उभे केले, ते मुलांनी विचारावे आणि बापांनी सांगावे म्हणून (यहोशवा ४). न सांगितलेला धोंडा नुसता धोंडाच. जुन्या फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, नावे, गाव आणि साल लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो खराब होतात, आणि रंगीत फोटो उजेडात टांगले की फिकटतात. घरातील वडीलधारी आहेत तोवर हे काम उरका. नाव विसरलेला चेहरा फोटोत असूनही हरवलेलाच असतो.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी हा पाठ असा घ्यावा : प्रत्येक मुलाने घरचा एक फोटो आणावा, त्यातील प्रत्येकाचे नाव व त्याचा एक चांगला गुण सांगावा. मग विचारावे, “यात कोण नाही?” आणि त्या व्यक्तीसाठी वर्गाने प्रार्थना करावी. वसतिगृहातील मुले किंवा ज्यांचे आईबाप वेगळे राहतात अशी मुले वर्गात असतील तर त्यांना फोटो न मागता, आपली वाटतात ती माणसे कागदावर काढावयास सांगावे. हा पाठ शिकविताना कोणी पोर मेंढरांपाशी राहू नये!

देवाच्या घरचा फोटो

हे वाचताना काहींचे डोळे भरून आले असतील. “सगळे आले का?” या प्रश्नाला ज्यांच्या घरी आता “नाही” एवढेच उत्तर आहे, कारण एक खुर्ची मृत्यूने रिकामी केली आहे. त्यांच्यासाठी इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचा शेवट आहे. हाबेल, अब्राहाम, सारा, मोशे, राहाब, दावीद अशी विश्वासणाऱ्यांची मोठी रांग लावून झाल्यावर लेखक म्हणतो की, त्या सर्वांना देखील वचनफळ अद्याप मिळाले नाही. आपल्यावाचून त्यांनी पूर्ण होऊ नये अशी देवाची योजना आहे.

म्हणजे काय? देवाच्या घरीही रांग लागली आहे, आणि तेथे सगळे थांबले आहेत. आपले गेलेले प्रियजन तेथे आहेत. अब्राहाम थांबला आहे, मोशे थांबला आहे. एके काळी ज्याच्यासाठी इतर खोळंबले होते, तो दावीद आज आपल्यासाठी थांबला आहे. पिता अजून दाराकडे पाहत आहे, कारण शेवटचे लेकरू यावयाचे आहे. त्याच्या घरी कोणाचा चेहरा कापला जात नाही.

ज्याच्या घरी आपल्यासाठी जागा राखली आहे, त्याने आपल्या अंगणातील सतरंजीवर दुसऱ्यासाठी थोडे सरकावे, एवढेच मागणे आहे.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांस नावाने ओळखतोस. आमच्या घरात ज्यांना आम्ही विसरलो, राबविले, लपविले किंवा तोडले, त्यांचे चेहरे आम्हांस दाखव. त्यांना बोलावून आणण्याची लीनता दे, आणि ते येईपर्यंत थांबण्याचा धीर दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.